पांढरं दिसलं की जाळा

“मॅडम, सही करा आणि विषय संपवा,” साहेब म्हणाले.

सावरटोल्याच्या बांधावर आमची जीप उभी होती. मागे औषधाचे डबे रचलेले. औषध म्हणजे कीटकनाशक. आमच्याकडे विषालाच औषध म्हणायची पद्धत आहे आणि नोकरीत एवढी वर्षं काढूनही ती मला मोडता आली नाही. जीपच्या बॉनेटवर फवारणीच्या शिफारशीचा फॉर्म होता, त्यावर पेन. समोर पुरुषाहून उंच ऊस, आणि त्याची पानं वरून चुलीमागच्या भिंतीसारखी काळी पडलेली.

मी पेन उचललं नाही.

तेव्हा गडचिरोली जिल्ह्यातली, वैनगंगेच्या काठावरची बारा गावं माझ्याकडे होती. मी कृषी अधिकारी, शिक्षण कीटकशास्त्राचं. साहेब माझे वरिष्ठ. त्यांचं नाव सांगत नाही. ते निवृत्त होऊन सुखात आहेत, असू देत. गडचिरोली म्हटलं की लोकांना धान आठवतं, ते बरोबरच आहे. पण सावरटोल्याला नदीचं पाणी आहे, म्हणून तिथं जुन्या काळापासून थोडा थोडा ऊस लावतात. कारखान्यासाठी नव्हे, गुळासाठी. गावात एकच गुऱ्हाळ आहे. दिवाळीनंतर ते पेटतं आणि अख्ख्या गावाचा ऊस त्याच एका कढईत जातो. ऊस बिघडला तर रस बिघडतो, आणि बिघडलेल्या रसाचा गूळ कितीही ढवळा, बसत नाही. नुसता चिकट राब उरतो.

त्या वर्षी पोळा झाला आणि उसावर पायरिला पडला. हा वाळल्या गवताच्या रंगाचा, पुढे चोच असलेला छोटा किडा. पानाच्या मागे बसून रस शोषतो, हात लावला की टुणकन उडतो. तो पोटातून गोड चिकट पाणी टाकतो, ते खालच्या पानांवर पडतं आणि त्यावर काळी बुरशी चढते. पानं काळी पडली की त्यांना ऊन लागत नाही. ऊस उभा दिसतो, पण आतून पोकळ होत जातो.

“साहेब, एक पान उलटून बघा,” मी म्हटलं.

“मी कशाला बघू? किडींच्या एक्स्पर्ट तुम्ही.”

“म्हणूनच सांगतेय, फवारू नका.”

मी पान तोडून त्यांच्यापुढे धरलं. मागच्या बाजूला पायरिले बसले होते आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या पाठीला, पंखांच्या आत, एक पांढरट गोळी चिकटलेली होती. गाईला गोचीड चिकटते तशी. ती एका पतंगाची अळी. पतंगाचं पुस्तकातलं नाव एपिरिकॅनिया. पतंग अगदी लहान, काळपट, कुणाच्या नजरेत भरणार नाही असा. मादी उसाच्या पानावर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी टाचणीच्या टोकाएवढीही नसते. ती पानावर वाट बघत बसते आणि शेजारून जाणाऱ्या पायरिल्याच्या अंगावर चढते. मग त्याचाच रस पिऊन मोठी होते. पोट भरलं की खाली उतरते, पानावर पांढरा, चपटा, कापसासारखा कोष विणते, आणि त्यातून पुन्हा पतंग. तोवर पायरिल्याचा निकाल लागलेला असतो.

“म्हणजे तुमच्या मते या शेतात एक कीड नाही, दोन किडी आहेत,” साहेब म्हणाले. “मग दोन फवारे मारू.”

“ही कीड नाही साहेब. ही अळी उसाचं पान खातच नाही.”

“पतंगाची अळी पान खात नाही? मॅडम, मीही शेतीच शिकलोय.”

“बहुतेक पतंगांच्या खातात. ही खात नाही. फवारा मारलात तर पायरिल्याच्या आधी ही मरेल.”

आजूबाजूला गाव जमलं होतं. त्यांतून शेवंताबाई मडावी पुढे आल्या. बायकांच्या गटाच्या अध्यक्ष, वय पन्नाशीचं. पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावण्यात त्यांचा हात इतका जलद की मी कितीदा बघितलं तरी काडी कुठून घुसली ते मला कळलेलं नाही. गावचं गुऱ्हाळ हा गटच चालवतो.

“मॅडम म्हणतेत तं पाहू ना जी,” त्या साहेबांना म्हणाल्या. “दसऱ्यापर्यंत पाहू. तुमचे डबे कुठी पळून चालले?”

“आणि ऊस गेला तर?”

“ऊस आमचा हाये. गेला तं आमचाच जाईल.”

मी फॉर्म ओढला आणि शिफारशीच्या रकान्यात लिहिलं, ‘फवारणीची शिफारस करत नाही. परोपजीवी पतंग पुरेसा आहे.’ खाली सही केली. साहेबांनी ते वाचलं, घडी केली, खिशात घातलं. जाताना एवढंच म्हणाले की याचं उत्तर ऑफिसातून मिळेल. शाळेमागचा एक प्लॉट खात्याच्या प्रात्यक्षिकाचा होता. तिथं माझी सही लागत नव्हती. तिथं त्यांनी त्याच दुपारी फवारा मारून घेतला.

उत्तर चौथ्या दिवशी आलं. कारणे दाखवा नोटीस. वरिष्ठांच्या आदेशाची अवहेलना, सात दिवसांत लेखी खुलासा. मी भद्रावतीच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. नोटिशी आमच्या कॉलनीत सगळ्यांच्याच घरी येत. वडील त्या कपाटात ठेवायचे आणि ड्युटीला जायचे. मीही तेच केलं. स्कूटी काढली आणि खुलाशाला जोडायला पुरावा म्हणून थोडे कोष आणावेत म्हणून सावरटोल्याला निघाले.

बांधावर पोचले तर धुराचा वास आला. ठिकठिकाणी राखेचे ढीग. उसात शिरले तर खालची पानं गायब. हाताला लागतील तिथवरची सगळी, एकेक करून ओरबाडून काढलेली. मी दहा-पंधरा ऊस बघितले, मग पळत दुसऱ्या प्लॉटमध्ये गेले, मग तिसऱ्या. एक कोष सापडेना.

बायका बांधावर डबा खात बसल्या होत्या. हात काळे झालेले, चेहरे खूश.

“मॅडम, तुमी सांगतलं तसंच केलं,” शेवंताबाई म्हणाल्या. “पांढरं दिसलं का तोडलं, पांढरं दिसलं का जाळलं. तीन दिवस झाले, अख्खं गाव लागलं हाये. तुमी आमच्यासाठी साहेबासंग भांडल्या, मंग आमी काय बसून राहाचं?”

मी तिथंच मातीत बसले.

त्यांनी खरंच मी सांगितलं तसंच केलं होतं. जुलैमध्ये समाजमंदिरात मीच मीटिंग घेतली होती. पायरिल्याची अंडी पानामागे पुंजक्यानं असतात आणि त्यांवर पांढरं लोकरीसारखं आवरण असतं. तेव्हा मी म्हटलं होतं, पांढरे पुंजके दिसले की पान तोडा आणि जाळा. सोपं वाक्य, लक्षात राहील असं. कोषही पांढराच असतो, हे मी बोलले नव्हते. जुलैत कोष नसतात, म्हणून मला ते सुचलंच नाही. साहेबांच्या फवाऱ्यापासून वाचवलेला पतंग माझ्या वाक्यानं जळून गेला होता.

मी त्यांना सगळं सांगितलं. कोष कसला, अंडी कसली, फरक काय. एकीनं डब्याचं झाकण लावलं.

“म्हणजे आमी आपलेच दोस्त जाळले,” शेवंताबाई म्हणाल्या.

“चूक माझी आहे.”

“हो, तुमचीच हाये,” त्या म्हणाल्या. “आता पुढचं सांगा.”

पुढचं सोपं होतं. साहेबांना एक फोन केला असता तर संध्याकाळपर्यंत डबे आले असते, नोटीसही विरघळली असती. मी फोन हातात घेतला होता, हे मान्य करते. पण पायरिल्याची अंडी त्या लोकरीखाली असतात, फवारा तिथवर नीट पोचत नाही. मोठे किडे मरतील, पंधरा दिवसांत अंड्यांतून नवे निघतील, आणि तेव्हा त्यांच्या पाठीवर बसायला कुणी नसेल. हे मला चार दिवसांपूर्वी माहीत होतं आणि चार दिवसांनंतरही ते खोटं झालेलं नव्हतं. मी चुकले म्हणून साहेब बरोबर ठरत नव्हते. मी फोन पर्समध्ये टाकला.

“कुणाच्या शेतात पानं तोडायची राहिलीत का?” मी विचारलं.

बायका हसायला लागल्या. “सोमाजीच्या,” सगळ्या एकदमच म्हणाल्या.

सोमाजीभाऊ भोयर हा गावाच्या चेष्टेचा विषय. नाल्यापलीकडे त्यांचा ऊस. लावला की ते थेट तोडायलाच जातात, मधल्या काळात तो उसाचा आणि रानडुकरांचा आपसातला मामला. आम्ही गेलो तेव्हा ते बाजेवर पडलेले होते. मला बघून उठून बसले.

“मी काईच केलो नाई मॅडम,” ते म्हणाले. “मले काऊन धरता?”

“धरत नाही भाऊ. तुमचा ऊस बघायचाय.”

“त्यात पाहासारखं काई नाई जी.”

होतं. पानामागे पान उलटत गेले आणि प्रत्येकावर कोष. कुठे दोन, कुठे पाच. काही पानं तर कापसाचं बोंड फुटल्यासारखी दिसत होती. पायरिलाही होता, पण जो तो पाठीवर ओझं घेऊन बसलेला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

“म्हणजे मी बरोबर केलो?” सोमाजीभाऊ मागून म्हणाले.

“तुम्ही काहीच केलं नाही भाऊ.”

“तेच तं म्हणून राह्यलो.”

कोष असलेली पानं कापायची, त्यांचे बोटभर तुकडे करायचे आणि ते पतंग नसलेल्या शेतात उसाच्या पानाच्या मागे टाचायचे. पतंग निघाला की त्याचं काम तो करतो. आमच्या ट्रेनिंगमध्ये यासाठी स्टेपलर वापरतात. मी ऑफिसातले दोन आणि माझ्या घरचा एक असे तीन स्टेपलर नेले. दुपारपर्यंत तिन्ही बंद पडले. पायरिल्याचा चिकटा पिनांना लागला की त्या आतच अडकतात, आणि जोर लावला की पान फाटतं. मी एक स्टेपलर दगडावर आपटत बसले होते.

“आणा इकडे ते पान,” शेवंताबाई म्हणाल्या.

त्यांनी कनवटीतून बांबूच्या काड्यांची जुडी काढली. पत्रावळ लावायला बांबू चिरून सुईसारख्या बारीक काड्या करतात, अशा काडीला इकडे सीक म्हणतात. पळसाचं पान पानाला जोडायचं, सीक टोचायची, बाहेर काढायची, मोडायची. त्यांनी तुकडा उसाच्या पानामागे धरला आणि हात फिरवला. तुकडा बसला. मी ओढून बघितला, निघाला नाही. पान फाटलं नव्हतं.

“यात काय कठीण हाये?” त्या म्हणाल्या. “आमी तं डोये मिटून लावतो.”

गावात पत्रावळ लावता येत नाही अशी बाई नाही. दुसऱ्या दिवशी वीस जणी सिकांच्या जुड्या घेऊन आल्या. सोमाजीभाऊंच्या बांधावर एक टोळी तुकडे कापायची, दुसरी नाल्याअलीकडे गावच्या उसात नेऊन टोचायची. उंच उसात वाघ बसतो, म्हणून एकटीनं आत जायचं नाही, एकीनं कडेला डबा वाजवत राहायचं आणि चारच्या आत सगळ्यांनी बाहेर. सोमाजीभाऊ स्वतःहून डबा वाजवायला आले. मीही टोचत होते. माझ्या दहा तुकड्यांतले चार पडायचे, मग शेवंताबाईंनी मला कापायला बसवलं. असे तीन दिवस गेले.

खुलासा मी सातव्या दिवशी दिला. त्यात लिहिलं की मी फवारणीला नकार दिला आहे, पुन्हा विचारलं तरी देईन, आणि कारण सोबत जोडलं आहे. खाली लिहिलं, ‘सोबत: कोष, पाच नग, काडेपेटीत.’ काडेपेटी फायलीला टाचली आणि आवक विभागात दिली.

पुढचे पंधरा दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यांत वाईट. शाळेमागचा फवारलेला प्लॉट स्वच्छ हिरवा दिसत होता. साहेबांनी त्याचे फोटो ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, खाली ‘प्रात्यक्षिक यशस्वी’, आणि सगळ्यांनी अंगठे दिले. आमचा ऊस तसाच काळा. पतंग निघणार, अंडी घालणार, अंडी फुटणार, अळी चढणार. या सगळ्याला वेळ लागतो. मी रोज जाऊन पानं उलटायचे. गावातली माणसं शेताकडे जाताना मुद्दाम शाळेवरून जायला लागली होती. तो हिरवा प्लॉट बघायची आणि माझ्याकडे बघायची नाहीत.

एका दुपारी शेवंताबाई माझ्यासोबत उसात आल्या.

“मॅडम, खरं सांगा. होईल ना?”

“मला माहीत नाही. होईल असं वाटतंय.”

त्यांनी एक पान उलटून बघितलं. मग म्हणाल्या, “मंग ठीक हाये. होईलच म्हणल्या असत्या तं मी उद्या डबे आणाले गेली असती.”

त्याच आठवड्यात ऑफिसातल्या क्लार्कचा फोन आला. “मॅडम, तुमच्या खुलाशातून पाखरं निघून राह्यली.” फाईल साहेबांच्या टेबलावरच होती. काडेपेटीतून काळे पतंग निघून नोटिशीच्या कागदावर बसले होते. साहेब काय म्हणाले, मी विचारलं. काही नाही, क्लार्क म्हणाला, फुंकर मारली आणि दुसरी फाईल घेतली.

नवरात्र बसलं तेव्हा पहिल्यांदा मला पायरिल्याच्या पाठीवर पांढरी गोळी दिसली. आमच्या उसात, सीक टोचलेल्या पानाच्या वरच्याच पानावर. दुसऱ्या दिवशी दहा-बारा दिसल्या. मग मोजायचं सोडून दिलं. त्याच सुमारास शाळेमागच्या प्लॉटमध्ये अंड्यांतून नवे पायरिले निघाले आणि त्या मोकळ्या पाठींवर बसायला कुणी नव्हतं. दसऱ्याला तो प्लॉट शेजारच्या उसापेक्षा काळा होता. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचे फोटो आले नाहीत. आमच्या उसातून मात्र दसऱ्याला चालत गेलं तर साडीला चिकटा लागत नव्हता. सगळंच वाचलं असं सांगणार नाही. नाल्याकडच्या कोपऱ्यातला तुकडा आधीच गेला होता, तो ऊस जनावरांना घालावा लागला. बाकीच्या उसाला वरून नवी हिरवी पानं फुटली.

दिवाळीनंतर गुऱ्हाळ पेटलं. साहेब आले. ते आल्याबद्दल मी त्यांना गुण देते. कढईत रस उकळत होता, अर्धं गाव भोवती उभं. रस झाला की नाही हे बघायची रीत अशी की पळीतला थेंब थंड पाण्यात सोडतात. पसरला तर गेलं. गोळा झाला तर गूळ बसणार. शेवंताबाईंनी थेंब सोडला, पाण्यात बोटं घातली आणि चिमटीत पकडून वर काढला. घट्ट, गोल गोळी. ती त्यांनी वाटीच्या कडेवर आपटली आणि टक्क असा आवाज आला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक साचे आणायला गेले.

“शेवटी कोणतं औषध मारलं?” साहेबांनी त्यांना विचारलं.

“सीक टोचली जी,” शेवंताबाई म्हणाल्या आणि पहिला गूळ सोमाजीभाऊंच्या हातावर ठेवला.

त्या वर्षीच्या अहवालात सावरटोल्याचं नाव आलं. ‘मित्रकीटकांचे संवर्धन, यशस्वी प्रयोग’, मार्गदर्शक म्हणून साहेबांचं नाव. नोटीस मागे घेतली गेली नाही. निकाल आला तो असा की वरिष्ठांच्या आदेशाचं पालन न केल्याबद्दल समज देण्यात येत आहे. ती समज माझ्या सर्व्हिस बुकात आजही आहे. काढून टाकण्यासाठी अर्ज करा, असं दोघातिघांनी सुचवलं. मी केला नाही आणि करणारही नाही. ते मी केलं होतं, आणि तसेच डबे तशाच उसापुढे आणले तर उद्याही करेन.

मला दुसऱ्याच गोष्टीसाठी नोटीस यायला हवी होती. अर्धंच सांगितल्याबद्दल. ती चूक कुठल्याही कागदावर नाही, साहेबांना तर ती कधी कळलीच नाही.

पुढच्या जुलैत सावरटोल्याच्या समाजमंदिरात पुन्हा मीटिंग होती. मी खडू घेऊन फळ्याकडे वळले, एवढ्यात मागून शेवंताबाई उठल्या.

“मॅडम, यंदा पांढरं म्हणजे कोणतं पांढरं, ते पुरतं सांगा जी.”

सगळे हसले, मीही हसले. मग पिशवीतून काचेच्या दोन बाटल्या काढल्या, एकीत अंड्यांचं पान, दुसरीत कोषाचं, आणि आधी मागच्या वर्षी माझ्या एका वाक्यानं काय जळलं ते सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक गावात मी तिथूनच सुरुवात करते. वेळ थोडा जास्त लागतो, पण बाटल्या सगळ्यांच्या हातांतून फिरून परत आल्याशिवाय मी जाळा हा शब्द उच्चारत नाही.